बहुमताने मंजूर

तुम्ही दोघांनी एकाच आठवड्यात एकच गोष्ट दोन तऱ्हांनी विचारलीत, म्हणून एकदाच सांगते आणि क्रमानं सांगते. नात म्हणते, ती परदेशात मैत्रिणीबरोबर तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलांच्या एका डाव्या संघटनेत जाते, आणि "आजी, तुमच्या वेळी असलं काही नसेलच." नातू विचारतो, आजोबा खरंच लाल बावट्याचे होते का. होते. आणि असलं काही होतंही. सबंध एक हिवाळा आणि एक उन्हाळा मी त्याची चिटणीस होते. ते आठवलं की आजही माझं डोकं उठतं.

साल एकोणीसशे चौतीस-पस्तीसचं. मी मुंबईला बी.ए. होऊन किहीमला वडिलांच्या घरी परत आले होते. मुंबईतल्या मुलींच्या शाळेतली नोकरी पुढच्या जूनमध्ये मिळायची होती. वडील एका बोर्डिंगच्या कमिटीवर होते. गावाबाहेर, कनकेश्वराच्या डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवर ते बोर्डिंग होतं. डोंगराकडच्या ठाकर आणि कातकरी मुलांनी तिथं राहायचं आणि गावच्या शाळेत शिकायचं. वडील म्हणाले, "रिकामी बसू नकोस, त्यांना इंग्रजी शिकव." मी जाऊ लागले.

आदिवासी हा शब्द तेव्हा आमच्याकडे कोणी वापरत नसे. चांगली माणसं 'रानातली मुलं' म्हणत, बाकीचे काय म्हणत ते लिहीत नाही. जेवायच्या पंगती दोन. ठाकर मुलं स्वयंपाकघराच्या दाराशी, कातकरी मुलं पडवीच्या टोकाला, कारण ठाकर कातकऱ्यांच्या हातचं खात नसत. आचारी तर दोन्ही पंगतींना वरूनच वाढी.

तुमचे आजोबा तेव्हा मुंबईला कायदा शिकत होते आणि माझे कोणीही नव्हते. शनिवारी ते भाऊच्या धक्क्यावरून लाँच धरून रेवसला उतरत, तिथून मिळेल त्या बैलगाडीनं किंवा पायी येत, आणि दुपारी दोनची वेळ दिलेली असली तर साडेतीनला उगवत. धोतर गुडघ्यापर्यंत खाऱ्या पाण्यानं भिजलेलं, काखेत पत्रकांचा गठ्ठा, तोही भिजलेला. कोणा मित्राकडून त्यांनी या बोर्डिंगबद्दल ऐकलं होतं आणि इथल्या मुलांची संघटना बांधायचीच असं ठरवून टाकलं होतं. मुलांना विचारायचं राहिलं होतं.

पहिल्या बैठकीत त्यांनी मला ओळखदेख नसताना कागद-पेन्सिल दिली. "तुमचं अक्षर चांगलं असेल," म्हणाले. मग मुलांकडे वळून मोठ्यानं विचारलं, "आपला वर्ग कोणता, हे तुम्हाला माहीत आहे का?"

"पाचवी," पुढचा मुलगा म्हणाला.

"सहावी," मागून आवाज आला.

ते हसले नाहीत. त्यांना त्यातली गंमत कळलीच नव्हती. ते म्हणाले, "आपला वर्ग ओळखायला शिका. आजवर दुसऱ्या वर्गानं तुम्हाला दाबून ठेवलं. आता तुमच्या वर्गानं उठलं पाहिजे!" मुलांनी माना डोलावल्या. सोमवारी शाळेच्या विहिरीपाशी पाचवीनं सहावीला बडवलं. हेडमास्तरांनी वडिलांना बोलावून घेतलं, आणि मला वडिलांपुढं उभं राहून वर्ग या शब्दाचे दोन अर्थ समजावून सांगावे लागले. पुढच्या शनिवारी मी ही तक्रार आजोबांना सांगितली, तर ते म्हणाले, "लढाऊपणा आहे त्यांच्यात!"

संघटनेला नाव द्यायला तीन शनिवार गेले. ठाकर मुलं म्हणत, आमचं नाव आधी घ्या. कातकरी मुलं म्हणत, मग आमचं घेऊच नका. शेवटी 'डोंगरी विद्यार्थी लाल संघ' असं ठरत आलं, तेवढ्यात सहावीतला एक ठाकर मुलगा उठला. हा अंगानं सगळ्यांत मोठा, मिसरूड फुटलेला, मुलांचा पुढारी.

"लाल न्हाय पायजे."

"का बरं?" आजोबांनी विचारलं.

"लाल पट्टा जंगलखात्याच्या शिपायाचा. लाकडं घेऊन चाललं का अडवतो तो."

"अरे, हा लाल वेगळा! हा कष्टकऱ्यांचा लाल!"

"आमाला तर तोच लाल ठावा हाय, कामरेड साहेब."

'कामरेड म्हटल्यावर साहेब म्हणायचं नसतं,' हे त्यांनी त्या मुलांना किती वेळा सांगितलं! काही उपयोग झाला नाही. लाल शब्द मात्र गाळला गेला, आणि मी लिहिलेला कागद चौथ्यांदा नव्यानं लिहिला.

ही मुलं बैठकीत कशी बसत ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं. एकजण बोले. मग सगळे गप्प. मग दुसरा तेच थोडं वेगळं करून बोले. मग कोणी उठून बाहेर जाऊन येई. मग तिसरा. असं बोलता बोलता सगळ्यांचं एक होई, आणि कधी झालं ते मला कधीच कळत नसे. मी पेन्सिल धरून बसलेली. "ठरलं का?" विचारलं तर म्हणत, "ठरलं की बाय, मगाशीच." मला वेळेवर सुरू होऊन वेळेवर संपणाऱ्या गोष्टी आवडतात, हे तुम्हाला माहीत आहे.

आता मुद्दा. बोर्डिंगच्या सुपरिटेंडेंटची स्वतःची सुपारीची बाग होती. आमच्याकडे सुपारीला उन्हाळाभर पाणी घालावं लागतं, त्याला शिंपण म्हणतात. हे शिंपण बोर्डिंगची मुलं करत. उजाडल्यापासून शाळेच्या घंटेपर्यंत रहाट हाकायचा, पाट वळवायचे, संध्याकाळी पुन्हा. मुलं वर्गात डुलक्या घेत ती यामुळे. संघटनेनं पहिली मागणी धरली ती ही: शिंपण बंद. मागणी रास्त होती. आजोबांनी एकदा तरी योग्य गोष्ट योग्य वेळी धरली असं मला वाटलं.

पण वेळ योग्य नव्हती. सातवीत एकच मुलगा होता, कातकरी. सतरा-अठराचा असावा, जन्मतारीख शाळेत घालताना मास्तरांनीच ठरवलेली. त्याची माणसं दिवाळीनंतर कोळशाच्या भट्ट्या लावायला डोंगरापलीकडे जात, ती पावसाच्या तोंडाशी परत येत. दर वर्षी त्याच्या वयाची मुलं त्यांच्याबरोबर जात आणि शाळा सुटे. हा एकटा मागं राहिला होता, वर्षामागून वर्ष. उन्हाळ्यात त्याची व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची सरकारी परीक्षा होती. ती पास झाला तर तो प्राथमिक शाळेत मास्तर होऊ शकत होता, नाहीतर भट्टी होतीच. आणि परीक्षेला बसायला सुपरिटेंडेंटची शिफारस लागायची.

त्या शनिवारी त्यानं उभं राहून एवढंच म्हटलं, "शिंपण सोडायचा हाय, बरोबर हाय. पन माझी परीक्षा होऊ द्या. मंग सोडू."

ठाकर पुढारी म्हणाला, आत्ताच. कोणी म्हणालं, अर्धं शिंपण करू. कोणी म्हणालं, याच्या वाट्याचं तो करील, आपण सोडू. चर्चा फिरत राहिली. मला पुढं समजलं की ती याच्या बाजूनं वळत आली होती. पण आजोबांना रेवसची शेवटची लाँच धरायची होती. ते सारखे उन्हाकडे बघत होते.

"पुरे!" ते म्हणाले. "अशानं काहीच होणार नाही. आपण लोकशाही पद्धतीनं मत घेऊ. संप उद्यापासून व्हावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

कोणी हलेना.

"अरे, घाबरता काय? हात वर! असा!" आणि त्यांनी स्वतःचा हात वर करून दाखवला.

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढाऱ्यानं हात वर केला. मग एकेकानं. कातकरी मुलांनीही. खालच्या मानेनं, पण केला. एकट्या त्यानं केला नाही. आजोबांचा चेहरा उजळला. "बहुमताने मंजूर! लिहा, लिहा," असं मला सांगत ते गठ्ठा उचलून रेवसच्या वाटेनं जवळजवळ पळत सुटले. तो मुलगा उठला. कोपऱ्यातली घोंगडी खांद्यावर टाकली, थाळी घेतली आणि बाहेर पडला. मला वाटलं, रागावला, येईल.

सोमवारी तो वर्गात नव्हता, मंगळवारीही नाही. संपाचंही कुठं चिन्ह नव्हतं. रहाट नेहमीसारखा करकरत होता. मी पुढाऱ्याला विचारलं, "तो कुठं आहे?"

"त्याला काढला ना, बाय."

"कोणी काढला?"

"आमी सगल्यांनी. तुमी लिवलं पन त्ये."

"मी संपाचा ठराव लिहिला! आणि संप तरी कुठं आहे?"

"संपाचं तर ठरलं न्हाय," तो शांतपणे म्हणाला. "कामरेड साहेबांनी हात दावायला लावलं. हात दावला का मानूस गेला. मंग संपाचं कोन बोलनार?"

मी सरळ त्या मुलाच्या कातकरवाडीवर गेले. माणसं भट्ट्यांवर गेल्यामुळे वाडी ओस होती. एक म्हातारा होता, त्या मुलाचा चुलत आजा, आणि अंगणात तो मुलगा भूमितीचं पुस्तक मांडीवर घेऊन बसला होता. म्हाताऱ्यानं मला समजावलं. त्या डोंगराखालच्या वाड्यांत, ठाकरांच्या काय नि कातकऱ्यांच्या काय, बोलून सगळ्यांचं एक होईपर्यंत बसायचं अशी रीत. हात वर करायचे ते एकाच कामाला: कोणाला जमातीतून बाहेर घालायचं असलं तर. सगळे त्याच्यासमोर हात उचलतात, तो उठतो आणि जातो. त्याच्याशी मग कोणी बोलत नाही. इतर ठिकाणी कशी रीत असेल मला माहीत नाही. इथली ही होती.

"पण ते मत द्यायला सांगत होते!" मी म्हटलं.

"मत तर त्यानं दिलं व्हतं, बाय. तोंडानं."

मी मुलाकडे वळले. "तुला तर कळलं असेल ना की त्यांना असं म्हणायचं नव्हतं? मग गेलास का?"

"कामरेड साहेबांना ठावं न्हाय, ह्ये मला ठावं व्हतं," तो म्हणाला. "पन हात उचलनाऱ्यांना तर ठावं व्हतं."

मी विचारलं, परत यायचं तर काय करावं लागतं. म्हातारा म्हणाला, ज्यांनी हात दावला त्या सगळ्यांनी याच्या दारी यायचं आणि याच्या हातचं शिजवलेलं खायचं. एकही राहिला तर नाही.

सगळ्यांनी. म्हणजे ठाकरांनी कातकऱ्याच्या हातचं.

शनिवारी आजोबा आले ते "संप कसा चाललाय?" असं विचारतच. मी त्यांना सांगितलं. ते पडवीच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "या जुनाट रूढीविरुद्धच आपण एक ठराव करू."

"हात वर करून?" मी विचारलं.

"तुम्ही चिडू नका."

"मी चिडलेली नाही. त्याची शिफारस पुढच्या आठवड्यात जायला हवी, आणि मुलगा बोर्डिंगात नाही. आज तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही. लाँच गेली तर जाऊ दे."

ते खरोखर बोलले नाहीत. त्यासाठी त्यांनी रुमालाचं टोक चावून चावून भोक पाडलं. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बैठक चालली आणि लाँच गेली. बाकीच्यांचं लवकर एक झालं, अडला तो ठाकर पुढारी. त्याची आई त्याला घरात घेणार नाही म्हणाला, आणि ते खरं होतं. मग वाद निघाला, विटाळ नक्की कशाचा. काकडी कोणाच्याही हातची चालते. करवंदं चालतात. मग विस्तवात भाजलेले करांदे? साल तर खाणारा स्वतःच सोलतो! रानातल्या कंदाला जात लागते की सालीला, यावर पोरं इतकं बारीक बोलली की आमच्या वकील वडिलांनी कान पकडले असते. शेवटी सगळ्यांचं एक झालं: त्याच्याकडे जायचं, आणि करांदे भाजून खायचे.

रविवारी सकाळी आम्ही सगळे कातकरवाडीवर गेलो. आजोबाही होते. आदल्या दिवशीपासून ते आमच्या ओटीवर वडिलांचं डोकं खात होते. त्या मुलाला करांद्यांचा तह सांगितला. तो चुलीपुढून उठलासुद्धा नाही.

"म्या भात घातलाय," तो म्हणाला. "आनि सुकट. खानार तर खा, न्हायतर जा."

सगळे पुढाऱ्याकडे पाहू लागले. तो उन्हात उभा, मान वळवून. आतून सुकटीचा वास आला, लसूण-मिरचीचा, तव्यावर चरचरलेल्या बारक्या सुक्या मासळीचा. बोर्डिंगात मासळी कधीच मिळत नसे. सुपरिटेंडेंटना तो वास सोसत नसे, म्हणून वर्षभर वरण, भात आणि भोपळा. पुढाऱ्यानं एकदा नाक ओढलं.

"कोलीम घातलीस का?" त्यानं विचारलं. कोलीम म्हणजे अगदी बारीक कोळंबी.

"व्हय."

"आनि आंबट?"

"चिंच हाय."

तो आत येऊन बसला. आधी बसला, मग म्हणाला, "आयेला कोन सांगंल तर बगा." मग सगळे बसले. तुमच्या आजोबांनी जन्मात मासा खाल्ला नव्हता. त्यांनी मूठभर सुकट तोंडात घातली, त्यांचे डोळे भरून आले, आणि तशाच तोंडानं ते वर्गजाणिवेबद्दल काही म्हणू लागले. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते थांबले. वर्गजाणीव कसली, कोलीम होती ती.

मुलगा आमच्याबरोबर परत आला. इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण त्या संध्याकाळी मुलं जेवायला बसली ती एका पंगतीत. आचारी पातेलं खाली ठेवून म्हणाला, ठाकर बाटले, मी वाढणार नाही, आणि गावात निघून गेला. आमच्या संघटनेच्या काळात जो एकमेव संप लगेच, शिस्तीत आणि कोणाच्याही भाषणाशिवाय झाला, तो हा. आमच्याविरुद्ध.

मग मुलं स्वतः रांधू लागली. भात करपे, वरण पाण्यासारखं, आणि रोज कोणीतरी "त्या सुकटीगत कर" असं त्या मुलाला सांगायला जाई. तो म्हणे, "मला भूमिती हाय." सुपरिटेंडेंटना धूर सोसेना, आवाज सोसेना, आणि कमिटीची माणसं पाहणीला येणार होती. त्यांनी वडिलांना निरोप पाठवला, हा गोंधळ आवरा. वडिलांनी उलट निरोप दिला, आधी शिफारसीवर सही करा, मग मी दुसरा आचारी बघतो. सही झाली. आचारी नवा मिळाला नाही, जुनाच परत आला आणि नाक मुरडत एका पंगतीला वाढू लागला.

परीक्षा अलिबागला. सकाळी ओहोटीला वाळूवरून चालत निघायचं ठरलं. त्याच्याबरोबर कोणी जायचं यावर मुलांची बैठक बसणार असं दिसताच मी म्हटलं, "बाबांनो, सगळेच जा!" आजोबा मुद्दाम आदल्या दिवशी आले होते. काठीला लाल कापड बांधून ते सर्वांत पुढं उभे राहिले.

मुलानं टाकात निब बसवता बसवता वर पाहिलं. "कामरेड साहेब, झेंडा नको. पेपर हाय."

आजोबांनी कापड सोडून खिशात घातलं. त्या मुलांचं त्यांनी निमूट ऐकलं ते पहिल्यांदाच.

तो पास झाला. बोर्डिंगच्या पडवीत निकाल कळला. तसा तो पुढाऱ्याला म्हणाला, "आता बसू. परीक्षा झाली, शिंपणाचं ठरवायचं राह्यलंय." त्यानं मागितलं होतं तसं परीक्षेपर्यंत शिंपण चालूच होतं, त्यानंही केलं होतं. मुलं बसली. कोणी हात वर केला नाही. सबंध दिवस गेला. संध्याकाळी त्यांचं एक झालं: उद्यापासून सुपरिटेंडेंटच्या बागेत कोणी रहाट हाकणार नाही. मी व्यवस्थित लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रहाट बंद होता. त्यानंतरही बंदच राहिला. मृग लागून आठवडा झाला होता, सुपारीच्या बागांतून पाणी वाहत होतं, आणि त्या दिवसांत अख्ख्या किनाऱ्यावर कोणाचाच रहाट चालत नसतो.

लवकरच मी नोकरीसाठी मुंबईला गेले. तुमचे आजोबा भेटायला आले, अर्थात उशिरा. त्यांच्या हातात कुठल्याशा सभेत वाचायचं टिपण होतं. त्यात लिहिलं होतं, शिंपणाचा संप पूर्ण यशस्वी.

"अहो, पावसात सुपारीला पाणी कोण घालतं?" मी म्हटलं.

"ते असू दे," ते म्हणाले. "एकमतानं झाला ना?"